भरलेलं तळं

नाताळच्या सुट्टीत पुण्याचा नातू आला तो गळ्यात दुर्बीण घालूनच. म्हणाला, "आबा, मायणीला जाऊ. रोहित बघायचेत. रात्री तळ्याकाठी तंबू ठोकू."

विट्याकडनं मायणी लांब नाही. मेव्हण्याची विहीर त्याच भागात. म्हटलं, तंबू त्याच्या रानात ठोक, पण चल.

हे तळं इंग्रजांच्या काळातलं. खटाव तालुक्याच्या दुष्काळी मुलखात पाणी साठावं म्हणून बांधलेलं. पाखरं मागनं आली. २०२१ साली सरकारनं त्याला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र केलं.

आम्ही पायवाटेनं गेलो तर तळं काठोकाठ भरलेलं. बदकं दिसली, बगळे दिसले. रोहित एक नाही. पोरगं हिरमुसलं. म्हणालं, "पाणी जरा कमी असतं तर बरं झालं असतं, आबा. रोहित उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी धरतो आन् चिखलातलं गाळून खातो. खोल पाण्यात त्याला चरता येत नाही."

मला राग आला. "आरं, असलं अभद्र बोलू नगंस! बहात्तर साली मी तुझ्याएवढा होतो. आईसंगं दुष्काळी कामावर खडी फोडलीय. तळं भरावं म्हणून आमी देव पाण्यात घातलं हुतं."

पोरगं गप्प झालं. पण रात्री तंबूत मला झोप लागेना. तळं भरलं की मेव्हण्याच्या विहिरीला पाझर येतो. टेंभूचं पाणी आलं तवा मीही गुलाल उधळला. त्यात पाप काय? काहीच नाही. तहानलेल्यानं पाणी मागणं हे पाप कसं असेल?

मग दुसरं आठवलं. आमच्या गावचा पाझर तलाव आटायला लागला की गाळ उघडा पडतो. तिथं मी दोनदा हरभऱ्याची गाळपेर केली. फुकटची जमीन, खताची गरज नाही, पीक झकास. त्या चिखलात तुरुतुरु पळणारी पाखरं मी दगड मारून हाकलली. म्हणजे पाणी भरलं की माझं, आटलं की गाळही माझा. मग पाखराची पाळी कधी?

भरलेलं तळं मागण्यात चूक नव्हती. आटलेल्या तळ्यावरही हक्क सांगितला, तिथं चुकलं. आपल्या वाडवडलांनी खळ्यावर पाखरांचा वाटा ठेवला, तो धान्यातला. जागेतला वाटा ठेवायचं आपल्याला सुचलं नाही.

सकाळी नातवाला म्हटलं, "यंदा तलावात पेरणार नाही. उन्हाळ्यात ये दुर्बीण घेऊन."

तो म्हणाला, "रोहित येतील?"

"ते काय माझ्या हातात हाय? चिखल तेवढा मोकळा ठेवतो."

घरी सांगितलं तर थोरला म्हणाला, "आपण नाही पेरलं तर दुसरा कुणीतरी पेरंलच की." खरं आहे. त्याला उत्तर माझ्याकडं नाही. पण दुसरा पेरंल म्हणून आपण पेरायचं, हे काय मला पटत नाही.