शब्द, कागद आणि वारस

दिलेला शब्द असताना कागद मागणे हा अविश्वास म्हणावा काय? करोल बागेतील एखाद्या वकिलाच्या कचेरीत घराचे जुने कागद उलगडले जातात, तेव्हा हा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही. दिल्लीत दीर्घकाळ असंख्य घरे खरेदीखताविनाच विकली गेली. विक्रीचा करार, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र एवढ्यावर पैसे दिले जात व ताबा मिळे. त्यात मुद्रांकशुल्क चुकविण्याचा हेतू असे, तसा परस्परविश्वासही असे.

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्प खटल्यात निर्वाळा दिला की, अशा कागदांनी मालकी संक्रमित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. निर्णय कठोर वाटला, तरी त्यात नैतिक मर्म आहे. मृत्युपत्र करणारा ते हयातीत केव्हाही बदलू शकतो. मुखत्यारपत्र सामान्यतः ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. म्हणजे घेणाऱ्याचे घर देणाऱ्याच्या सद्भावावर आणि आयुष्यावर अवलंबून राहते.

विश्वास दोन माणसांत नांदतो; तो वारसांकडे जाईलच असे नाही. शब्द देणारा निघून गेल्यावर त्याची मुले प्रामाणिकपणेही विचारू शकतात की, हे घर आमचे नव्हे कशावरून? घेणाऱ्याच्या विधवेपाशी तेव्हा उत्तर असावे, अशी तजवीज करणे हा अविश्वास नव्हे. आपला शब्द आपल्यामागे टिकावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याने खरेदीखतावर सही करणे हे त्या शब्दाचेच पालन होय.