उसना आवाज

कॅन्सस राज्यातल्या चेरीव्हेल गावात 1906 साली जन्मलेली लुईस ब्रूक्स पंधराव्या वर्षी घर सोडून डेनिशॉन या नावाजलेल्या नृत्यपथकात गेली. दोन वर्षांनी तिला तिथून काढून टाकलं, कारण मान तुकवणं तिला जमत नव्हतं. तिथून ब्रॉडवे आणि मग हॉलिवूडचा पॅरामाउंट स्टुडिओ. कपाळावर सरळ कापलेली झुलपं, गालांवर टोकदार वळलेले काळेभोर केस. मुली तशी केशरचना करू लागल्या. ही मात्र सेटवर मोकळा वेळ मिळाला की शोपेनहॉवर वाचत बसायची. लोक म्हणायचे, विक्षिप्त आहे.

1928 मध्ये बोलपट येऊ घातले होते. आपला आवाज चालेल की नाही, या धास्तीने भलेभले नट गप्प होते. त्याचा फायदा घेऊन पॅरामाउंटने करारातली पगारवाढ लुईसला नाकारली. आठवड्याला 750 डॉलरवर राहा, नाहीतर चालती हो. ती चालती झाली आणि थेट बर्लिनला गेली. तिथे दिग्दर्शक जी. डब्ल्यू. पाब्स्ट यांनी तिला 'पँडोराज बॉक्स'मधली नायिका लुलूची भूमिका दिली.

इकडे तिचा 'द कॅनरी मर्डर केस' हा मूकपट बोलका करायचं ठरलं. तिला बोलावणं गेलं, ती आली नाही. शेवटी मार्गारेट लिव्हिंग्स्टन या नटीचा आवाज वापरला. पडद्यावर ओठ हलतात लुईसचे, ऐकू येते दुसरीच बाई. वर बोलवा उठली, हिचा आवाज बोलपटाला चालत नाही.

हा हट्ट शहाणपणाचा होता, असं मी म्हणणार नाही. पुढे 'द पब्लिक एनिमी'मधली चालून आलेली भूमिकाही तिने सोडली. 1938 मध्ये जॉन वेनबरोबर एक वेस्टर्न केला, तो तिचा शेवटचा चित्रपट. चाळिशीत ती न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यू या दुकानात काउंटरमागे उभी होती. दारू होती, एकटेपण होतं. आत्मचरित्रासारखं काही लिहिलं, तेही तिने जाळून टाकलं.

मग 1955 साली पॅरिसमध्ये चित्रपट-संग्राहक आंरी लांग्लुआ यांनी सिनेमाच्या साठ वर्षांचं प्रदर्शन भरवलं. दारातच लुईसचं भलंमोठं छायाचित्र. रोचेस्टरच्या ईस्टमन हाउस या संग्रहालयाचे जेम्स कार्ड तिला आपल्या गावी घेऊन आले. तिथल्या संग्रहात बसून, आजवर जे चित्रपट तिने धड पाहिलेही नव्हते ते ती पाहू लागली, आणि लिहू लागली. बोगार्ट, डब्ल्यू. सी. फील्ड्स या नटांवर, पाब्स्टवर. स्टुडिओवाल्यांचे वाभाडे काढले, पण स्वतःलाही सोडलं नाही. मला ती मोठी वाटते ती इथे.

उतारवयात सांधेदुखीने तिला बिछान्याला खिळवलं. 1982 मध्ये 'लुलू इन हॉलिवूड' छापून आलं, तेव्हा ती पंच्याहत्तर वर्षांची होती. त्यातलं एकही वाक्य दुसऱ्या कुणी तिच्या तोंडी घातलेलं नव्हतं.