सोळा वळणं

निवृत्तीनंतर ह्यांना लेगोच्या आगगाड्यांचा नाद लागला. विटा जोडून इंजिन करायचं, मोटर बसवायची नि हॉलभर रूळ मांडायचे. डेन्मार्कच्या या कंपनीची मोटरवाली गाडी १९६६ पासूनची. १९९१ साली आलेल्या नऊ व्होल्टच्या गाडीला वीज रुळांवरच्या धातूच्या पट्टीतून मिळे. ते रूळ आता निघत नाहीत, म्हणून जपायचे. जपता जपता कपाट भरलं. काही खोकी तर अजून फोडलेलीसुद्धा नाहीत.

परवा शेजारच्या पोराच्या हातून डबा पडला, विटा सुट्या झाल्या. हे एवढ्यांदा ओरडले, की पोर रडतच घरी गेलं.

"अहो, जोडायचाच तर डबा. पुन्हा जोडू की!"

रात्री हे नीट जेवले नाहीत.

उमास्वातींनी परिग्रह वस्तूत नाही, आसक्तीत पाहिला. म्हणून कितीही साठवावं का? तसंही नाही. श्रावकाला सर्वत्याग नाही, पण परिमाण सांगितलंय. गाडीच्या पूर्ण वर्तुळाला सोळा वळणं पुरतात. तरी मला वाटतं, हाव सतराव्या वळणापाशी सुरू होत नाही. दुसऱ्याचा हात लागलेला सोसत नाही, तिथे होते.

आणि मी तरी कुठली मोकळी? माझ्याही कपाटात घडी न मोडलेल्या इरकली आहेत. कुणी हात लावला की जीव खालीवर होतो.

रविवारी हे स्वतः जाऊन पोराला घेऊन आले. दोघांनी डबा जोडला, एक नवं खोकंही फोडलं.

माझी घडी मात्र अजून मोडलेली नाही.