फलत्याग आणि फलपरीक्षण

कर्माच्या फलावर आपला अधिकार नाही, ही गीतेची शिकवण आपल्या मनात इतकी मुरली आहे की, एखादे सत्कार्य तडीस नेल्यावर त्याचे पुढे काय झाले हे विचारणेही पुष्कळांना आसक्तीचे लक्षण वाटते. परंतु त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. आणि या दोन उपदेशांत विरोध नाही, हे अमेरिकेच्या वायव्य भागातील ओढ्यांच्या इतिहासावरून मला विशेष स्पष्टपणे कळले.

ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांत, अंडी घालण्यासाठी समुद्रातून परतणाऱ्या सॅमन माशांची वाट उन्मळून पडलेल्या वृक्षांमुळे अडते, अशा समजुतीने १९५० ते १९७० च्या दशकांत सरकारी खात्यांनी ओढ्यांतले ओंडके उपसून काढले. हेतू शुद्ध होता आणि श्रमही खरे होते. पुढे ध्यानात आले की, त्याच ओंडक्यांमुळे डोह पडत, खडी अडून अंडी घालण्यास जागा होई आणि पुरात पिलांना आसरा मिळे; तेव्हा मोठा खर्च करून ओढ्यांत पुन्हा ओंडके टाकणे भाग पडले. तरीही, २००५ साली अमेरिकेतील ३७,००० हून अधिक नदीसुधार प्रकल्पांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी जेमतेम १० टक्क्यांत कामानंतरच्या पाहणीचा काही उल्लेख आढळला.

फलत्याग अशा पाहणीच्या आड येत नाही; उलट, ज्याला फलाचा लोभ आहे तो अनुकूल तेवढेच मोजतो. म्हणून अनासक्ती ही परीक्षणाची पहिली पात्रता आहे, असे मी मानतो.

ही पाहणी सोपी मात्र नाही. कोहो जातीचा सॅमन बहुधा तिसऱ्या वर्षी परततो, आणि समुद्रात सुकाळ असला तर ज्यांना कोणी हात लावलेला नाही अशा ओढ्यांतही मासे वाढतात. यास्तव सुधारलेल्या ओढ्याबरोबर त्याच्यासारखाच दुसरा ओढा बुद्ध्या तसाच ठेवून, कामाच्या आधी आणि नंतर, वर्षानुवर्षे दोन्हींची मोजणी करावी लागते. खरा धर्मप्रश्न येथे उभा राहतो: दुर्दशा डोळ्यांना दिसत असता केवळ ज्ञानासाठी एका प्रवाहाला उपचारावाचून ठेवावे काय? आपला उपाय हा उपायच आहे अशी खात्री असती, तर ते क्रौर्य ठरले असते; पण ओंडके उपसणाऱ्यांनाही तशीच खात्री होती. म्हणून असा ओढा राखणे मला न्याय्य वाटते, मात्र निष्कर्ष हाती येताच त्याच्या वाट्याचे काम सुरू होईल अशी तजवीज, निधीच्या मंजुरीसह, मूळ आराखड्यातच झालेली असली पाहिजे.