सिलिकॉनचे सूत्र आणि त्याची उपाधी

सिलिकॉनच्या स्फटिकात प्रत्येक अणूला चार शेजारी असतात आणि दोन बंधांमधला कोन सुमारे 109.5 अंशांचा असतो. स्फटिक वितळताना किंवा तडकताना अणू कसे हलतात हे संगणकावर पाहायचे, तर प्रत्येक अणूवरचे बल क्षणोक्षणी काढावे लागते. पुंजयांत्रिकीने ते निघते. पण लाखो अणूंसाठी इलेक्ट्रॉनांचा एवढा हिशेब परवडत नाही. म्हणून केवळ अणूंच्या स्थानांवरून ऊर्जा सांगणारे सूत्र वापरतात. तेच आंतरअणू विभव. ज्यात इलेक्ट्रॉनच नाहीत, त्या सूत्राचे बंधांविषयीचे सांगणे ज्ञान मानावे की सोयीची आकडेमोड?

असे सूत्र संभवते याला आधार आहे. अणुकेंद्रके इलेक्ट्रॉनांपेक्षा हजारो पटींनी जड असल्याने इलेक्ट्रॉन त्यांच्या हालचालीशी जवळजवळ तत्काळ जुळवून घेतात, असे बॉर्न आणि ओपेनहायमर यांनी 1927 मध्ये दाखवले. मात्र त्या सूत्राचे रूप कसे असावे, हे यातून ठरत नाही.

स्टिलिंजर आणि वेबर यांनी 1985 मध्ये सूत्रातल्या अणूंच्या जोडीच्या पदाला तीन अणूंचे पद जोडले. कोन 109.5 अंशांपासून ढळला की हे पद ऊर्जा वाढवते. म्हणजे चौफलकी रचना सूत्रातून निष्पन्न होत नाही, ती आधीच त्यात घातलेली असते. टेरसॉफ यांनी वेगळी वाट धरली: शेजारी वाढले की प्रत्येक बंध दुबळा होतो. दोन्ही सूत्रांतून स्फटिक एकच उभा राहतो, पण टेरसॉफ यांच्या 1988 च्या सूत्रातला सिलिकॉन प्रत्यक्षातल्या 1687 केल्विनपेक्षा शेकडो अंश वर वितळतो. स्टिलिंजर-वेबर सूत्र त्या आकड्याच्या जवळ जाते, कारण त्याचे स्थिरांक निवडतानाच वितळण्याकडे लक्ष दिले होते.

सिद्धांत निरीक्षणांशी जुळला की पुरे, अदृश्याविषयीचे त्याचे म्हणणे खरे मानण्याची सक्ती नाही, अशी भूमिका तत्त्वज्ञ बास व्हान फ्रासेन यांनी 1980 मध्ये मांडली. पण सूत्रांचा खरा उपयोग न पाहिलेल्या स्थितींसाठी असतो. तिथे जुन्या जुळणीचा दाखला अपुरा पडतो.

न्यायदर्शनातील उपाधीचा, म्हणजे नियम ज्या अटीवर टिकतो त्या अटीचा, विचार इथे नेमका लागू पडतो. धूर तिथे अग्नी, हे निरपवाद. अग्नी तिथे धूर, हे मात्र इंधन ओले असेल तरच. ओले इंधन ही उपाधी. स्टिलिंजर-वेबर सूत्राची उपाधी म्हणजे चार शेजारी. द्रवरूप सिलिकॉनमध्ये ते सरासरी सहाच्या आसपास जातात आणि पृष्ठभागावर घटतात. तिथे सूत्राची विश्वासार्हता नव्याने तपासावी लागते.

बेलर आणि पारिनेल्लो यांनी 2007 मध्ये सिलिकॉनवर न्यूरल नेटवर्कचे विभव वापरून दाखवले. त्यात बंधाचे रूप आधी ठरवलेले नसते. ते पुंजयांत्रिकी गणनांच्या उदाहरणांवरून शिकले जाते. उपाधी मात्र सुटत नाही, ती सूत्रातून उदाहरणांच्या संचात सरकते. संचात नसलेल्या रचनेविषयीही यंत्र तितक्याच ठामपणे आकडा देऊ शकते. गाऊसियन प्रक्रियेवर आधारलेल्या विभवांत अनिश्चिततेचा अंदाज सोबत काढता येतो. पण त्याचीही पारख करावी लागते.

विभव इलेक्ट्रॉनांचे यथार्थ वर्णन नसते, तरी त्याला निव्वळ युक्ती म्हणूनही निकालात काढता येत नाही. उपाधीसह सांगितलेले विधान ज्ञानाच्या कोटीत बसते. ती लपवली किंवा ओळखलीच नाही, तर अचूक आकडाही योगायोगच ठरतो.