ढिगातली ओल

थंडीला प्रारंभ झाला की परळच्या आमच्या मशिदीत एक प्रश्न हमखास येतो: गुलाबपाण्यात मिसळून त्वचेला लावायचे ग्लिसरीन हलाल आहे काय? विचारणाऱ्या भगिनीला ते चरबीपासून काढले की वनस्पतीच्या तेलापासून, एवढेच जाणून घ्यायचे असते. मीही अनेक वर्षे तेवढेच उत्तर देत आलो. परंतु कुरआनने 'हलाल' या शब्दाला 'तय्यब' हा दुसरा शब्द जोडला आहे. त्याविषयी मला कोणी विचारीत नाही.

भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय आमच्यापासून फार दूर नाही. १९८६ च्या प्रारंभी तेथे १४ रुग्ण दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हा औद्योगिक विद्रावक होता. तो दिसायला ग्लिसरीनसारखाच, बिनरंगी, दाटसर, चवीला गोड; मूत्रपिंडे मात्र निकामी करणारा. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने दोष केवळ पुरवठादाराच्या माथी मारला नाही. ज्यांनी पाहायला हवे होते आणि पाहिले नाही, त्यांनाही त्याने जाब विचारला.

शुद्ध ग्लिसरीन निर्धोक आहे. उगाच भिण्याचे कारण नाही. पोटात घेणे आणि त्वचेला लावणे यांतही मोठे अंतर आहे. तरी १९८५ मध्ये स्पेनमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या मलमातून हाच विद्रावक शरीरात गेला आणि पाच जण मरण पावले. सोललेली कातडी कुंपण राहत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. प्रेषितांनी (स.) ते खोटे ठरविले नाही, ओले धान्य वर का ठेवले नाहीस, एवढेच विचारले, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. म्हणजे दोष पावसाचा नव्हता, झाकण्याचा होता. धान्यात निदान हात तरी घालता येतो. बाटलीत बोट बुडवून काय कळणार? मग 'मला ठाऊक नव्हते' हे विक्रेत्याचे उत्तर कोठवर ग्राह्य धरावे? माझ्या मते, मोठ्या कॅनवरील मजकूर ज्याला वाचता येतो आणि जो तो न वाचताच छोट्या बाटल्या भरतो, त्याचे अज्ञान त्याने स्वतः निवडलेले असते. ग्राहकाला दिसते ती फक्त गुलाबाचे चित्र असलेली चिठ्ठी.

गेल्या जुम्याला मशिदीबाहेरच्या एका बांधवाला मी कॅन दाखवायला सांगितला. त्याने तो ओढून पुढे आणला. चिठ्ठी अर्धी फाटलेली होती. "मौलाना, तुमच्याकडून पैसे थोडेच घेणार?" असे म्हणत त्याने एक बाटली माझ्या हातात ठेवली. मी ती परत केली आणि कंपनीची पावती मागितली. ती अजून आलेली नाही.