तीनशे दीनारांचे तेल

वल्हांडण सण दोन दिवसांवर आला होता. बेथानी गावात शिमोनाच्या घरी पंगत बसली होती. एक बाई आत आली, तिने अलाबास्त्र दगडाची कुपी फोडली आणि जटामांसीचे सगळे तेल येशूच्या मस्तकावर ओतले. दूर हिमालयात उगवणाऱ्या वनस्पतीचे ते तेल. किंमत ३०० दीनारांहून जास्त, आणि मजुराची दिवसाची मजुरी तेव्हा १ दीनार! तेल वाया गेले, असे म्हणून काही लोक चिडले; येशूने मात्र तिची बाजू घेतली.

पंगतीत नीतिसूत्रे तोंडपाठ असलेला एक म्हातारा होता, असे समजा. तो कासावीस झाला. शहाण्याच्या घरी तेलाचा साठा असतो, मूर्ख तो फस्त करतो, हे तो लहानपणापासून घोकत आला होता.

शेजारच्या शिष्याला तो म्हणाला, “रानात पाच हजार लोक जेवले, तेव्हा उरलेले तुकडेसुद्धा तुम्ही उचललेत ना?”

“होय आजोबा, बारा टोपल्या भरल्या. त्या दिवशी २०० दीनारांच्या भाकरी आणायच्या म्हटल्यावर आमची छाती दडपली होती.”

“आणि इथे ३०० दीनार जमिनीवर ओघळले, तरी तुझे गुरुजी तिचीच बाजू घेतात! हे जुळायचे कसे?”

शिष्याने विचारले, “त्यातले तिने स्वतःला किती लावले?”

“थेंबही नाही.”

“आणि तो मूर्ख कोणासाठी फस्त करतो?”

“स्वतःसाठीच,” म्हातारा म्हणाला. पण त्याचे समाधान झाले नाही. “मग गोरगरिबांचे काय?”

त्याचा प्रश्न खरा होता. गरीब नेहमीच तुमच्याजवळ आहेत, या येशूच्या शब्दांआड लपून अनेकांनी आपली थैली बंद ठेवली आहे. हा अन्याय आहे. गरिबांचे भले तुम्हांला केव्हाही करता येईल, असे येशू त्याच दमात म्हणतो. मोशेच्या नियमशास्त्रातही गरीब देशात असणारच, म्हणून हात सैल ठेवा, अशी आज्ञा आहे. बाईने माझ्या देहाला पुरण्यापूर्वीच तेल लावले, असेही येशू म्हणाला. ते तेव्हा कोणाला उमगले नाही.

थोड्याच दिवसांत त्याला क्रुसावर मारले. शब्बाथ संपल्यावर तीन स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये विकत घेतली आणि पहाटे त्या कबरेकडे गेल्या. देह तिथे नव्हता. त्यांची द्रव्ये वापरलीच गेली नाहीत. मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानात येशूच्या देहाला लागलेले उत्तरक्रियेचे तेल एकच: बेथानीत लोकांनी वाया गेले म्हटले ते.